नाशिक जिल्ह्यात किडनीचे पेशंट किती, हे मोजायचं कसं?

प्रश्न : माझी आई ६५ वर्षांची आहे. गावातल्या आरोग्य शिबिरात तिचं क्रिएटिनिन १.२ आलं. लॅबवाला म्हणतो नॉर्मल, डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी परत करा. आणि आता सगळ्यांची आभा कार्डं निघाली आहेत तर सगळ्यांचे रिपोर्ट जोडून जिल्ह्यात किडनीचे पेशंट किती ते सरकारला सहज कळेल ना?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, डॉक्टरांचं ऐका. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, त्याचा नुसता आकडा बघून काही कळत नाही, त्यात वय आणि स्त्री की पुरुष हे घालून ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज. २०२१ च्या सूत्राने तेच १.२ तीस वर्षांच्या पुरुषाला असेल तर ईजीएफआर साधारण ८३ येतो आणि तुमच्या आईंना ५०. साठच्या खाली म्हणजे लक्ष द्यायला हवं, पण क्रॉनिक म्हणजे जुनाट आजार म्हणायचं तर किडनी तीन महिन्यांहून जास्त काळ बिघडलेली दिसायला लागते, कारण जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं तरी आकडा तेवढ्यापुरता बिघडतो. म्हणून दुसरा रिपोर्ट.

आणि जिल्ह्याची मोजणी पण नेमकी याच दुसऱ्या रिपोर्टवर अडते. पहिला शिबिरात, दुसरा नाशिकला कुठल्यातरी खासगी लॅबमध्ये, आणि दोन्ही एकाच बाईचे आहेत हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? नावावरून जुळवायला जावं तर एकीकडे माहेरचं नाव, दुसरीकडे सासरचं, आणि जन्मतारीख म्हणाल तर आपल्याकडे अर्धा गाव १ जूनला जन्मलेला (शाळेत गुरुजींनी लिहिलेली तारीख, दुसरं काय). डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला एकच नंबर आहे, दवाखाना, लॅब, औषधं सगळं त्यावरच, त्यामुळे तिथे रक्ताच्या रिपोर्टांवरून अशी मोजणी करता येते. आपला सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी आभा नंबर देशभर २०२१ मध्ये सुरू झाला, पण नुसतं कार्ड काढून रिपोर्ट आपोआप जोडले जात नाहीत, लॅब त्या सिस्टीममध्ये हवी आणि तुमची संमती पण हवी.

बरं, समजा सगळं जोडलं. तरी मला खरी भीती वेगळीच आहे. रेकॉर्डमध्ये फक्त टेस्ट केलेला माणूस दिसतो. शहरात शुगर-बीपीवाल्यांची टेस्ट होत राहते, सुरगाणा-पेठच्या पाड्यावरचा माणूस पाय सुजेपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही, मग नकाशा काढला की नाशिक शहर लालभडक आणि सुरगाण्यात किडनीचा आजारच नाही असं दिसणार! आणि नुसती डायलिसिसची बिलं मोजली तर जवळजवळ शेवटच्या टप्प्यातलेच सापडतात, ईजीएफआर पंधराच्या खाली गेलेले. तिसऱ्या टप्प्यातल्या (ईजीएफआर ३० ते ५९) बहुतेकांना तर काही त्रासच होत नाही, ते शेतात कामाला असतात.

शिबिरातले आकडे उलटे फसवतात. २०१३ साली छापून आलेल्या सीक-इंडिया अभ्यासात १७.२ टक्के लोकांना किडनीचा आजार दिसला, पण ती तपासणी शिबिरांतली होती, आणि शिबिराला कोण येतं ते तुम्ही बघितलंच असेल, ज्याला आधीच शंका असते तो पहिला रांगेत. ते १७ टक्के उचलून आख्ख्या जिल्ह्याला लावू नये.

माझं मत विचाराल तर रिपोर्ट जरूर जोडावेत, पण त्यासोबत मोजक्या गावांत चिठ्ठ्या टाकून घरं निवडावीत आणि जे दवाखान्यात कधी जातच नाहीत त्यांचं रक्त आणि लघवी घरी जाऊन तपासावी, द्राक्षबागेत उन्हात राबणारे मजूर त्यात हवेतच. म्हणजे रेकॉर्डमध्ये किती जण सुटतात ते तरी कळेल.

आईंचं म्हणाल तर तीन महिन्यांनी क्रिएटिनिनसोबत लघवीची एसीआर टेस्ट (लघवीतून प्रथिन जातंय का ते बघणारी) पण करून घ्या, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना आत्ताच दाखवा, त्यातल्या काही किडनीला त्रास देतात, तीन महिने थांबू नका.