गुलाबजामचा पाक, काळी पडलेली केळी आणि आंबट दही उरलंय. मैदा नाही, अंडी नाहीत, ओव्हन नाही. केक होईल का?

होईल की, आणि चांगला होईल. तुम्ही जी यादी दिलीय ना, ती वाचून मला तर वाटलं की केकचं सामान मुद्दाम काढून ठेवलंय आणि वर विचारताय काय करू. पाक म्हणजे साखर आणि वेलची आयती, केळं म्हणजे अंड्याचं बरंचसं काम झालं, आणि आंबट दही तर पाहिजेच, कारण नुसता खायचा सोडा आंबट काही मिळाल्याशिवाय नीट फुलत नाही आणि मग केकला तो साबणासारखा वास येतो.

रेसिपी शोधत बसू नका. नेटवरच्या रेसिपीत नेमकी एक वस्तू आपल्याकडे नसते आणि तिच्यासाठी माणूस दुकानात जातो आणि अडीचशेचं सामान घेऊन येतो, मग उरलेलं संपवायचा मुद्दाच राहिला नाही. त्यापेक्षा घरात जे आहे त्यातलं कोण काय करणार हे ठरवा. गोड कोण, ओलं कोण, तूप-तेल कोण, फुगवणार कोण आणि पीठ कुठलं, बस. यात लोक हमखास विसरतात ते हे की पाक गोड पण आहे आणि ओला पण आहे, म्हणजे पाक घातला की दूध-पाणी घालायचं नाही. साखरेच्या रेसिपीत साखरेऐवजी पाक ओतला आणि दूध तेवढंच ठेवलं की मधे गिच्च गोळा राहतो, मग म्हणायचं कुकरमधे केक होतच नाही.

तर माझं माप सांगते, आमटीची वाटी घ्या. दोन वाट्या कणीक आणि दोन चमचे बारीक रवा, दोन मोठी केळी (काळी असतील तितकी चांगली, फक्त आतून आंबल्याचा वास नको), पाऊण वाटी पाक, अर्धी वाटी दही, पाव वाटीहून जरा जास्त तेल, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. पाक आधी एक उकळी काढून गाळून घ्या, कारण त्यात गुलाबजामचे तुकडे आणि तळणीचे कण असतात, आणि पूर्ण गार होऊ द्या. केळी काट्याने मोडायची, मिक्सरला लावू नका, चिकट होतात. दही, पाक, तेल त्यातच फेटा, मग कणीक आणि रवा घालून हलक्या हाताने कालवा आणि झाकून पंधरा मिनिटं ठेवा. ही पंधरा मिनिटं चुकवू नका, चक्कीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते आणि सावकाश पिते, लगेच लावलं तर पीठ सैल वाटतं म्हणून आपण अजून कणीक घालतो आणि केकची वीट होते. नंतर बघा, डावातून पडताना भज्यांच्या पिठासारखं जड पडलं पाहिजे. फारच घट्ट वाटलं तर चमचाभर दूध.

सोडा अगदी शेवटी. भांड्याला तूप-पीठ लावून तयार, गॅसवर पातेलं तापलेलं, आणि मग सोडा. सोडा नसेल आणि इनोची पुडी असेल तर तेही चालतं, इनोमधे सोड्याबरोबर सायट्रिक ॲसिड असतंच, पण ते ओलं झालं की लगेच फसफसून मोकळं होतं. त्यामुळे इनो घालून मग मोबाईल बघायला गेलात तर फुगायचं ते वाटीतच फुगून झालेलं असतं. जुनी बेकिंग पावडर सापडली असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघा, बुडबुडे आले तर जिवंत आहे. सोड्याला हीच परीक्षा लिंबाच्या रसावर.

ओव्हनचं काय, तर जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या, तळाला बोटभर जाड मिठाचा थर, त्यावर रिंग किंवा उलटी ताटली, घट्ट झाकण, आणि दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवा. कुकर वापरणार असाल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचं, आत पाणी नाही. पण नवा कुकर यासाठी वापरू नका, पाण्याशिवाय तापून तळ खराब होतो. भांडं आत ठेवलं की आच बारीक, चाळीस-पन्नास मिनिटं, पहिला अर्धा तास झाकण उघडायचं नाही. सुरी मधोमध घालून कोरडी निघाली की झालं.

यात एक अडचण येतेच, वरचा भाग पांढरट राहतो, कारण उष्णता सगळी खालून. कोकणात तवसाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस करायचे (अजूनही करतात) तेव्हा झाकणावर पण निखारे ठेवायचे ते याचसाठी. ते धोंडस म्हणजे पण असंच जुळवाजुळवीचं बेकिंग आहे बघा, पावसाळ्यात वेलावर मोठं होऊन पिकलेलं तवसं, ते किसायचं, त्याला सुटलेल्या पाण्यातच तांदळाचा रवा भिजवायचा, गूळ, ओलं खोबरं, वेगळं पाणी नाही, मैदा नाही, अंडं नाही. फ्लॅटमधे निखारे कुठून आणणार, म्हणून मी दुसरंच करते. दिवाळीच्या शंकरपाळ्यांच्या डब्यात तळाला जो चुरा उरतो ना, तो कोणी खात नाही आणि टाकवतही नाही, तो बत्त्याने थोडा कुटून पीठ भांड्यात ओतल्यावर वर जाडसर पसरायचा. आधीच तळलेला आहे, रंग आहे, वर कुरकुरीत थर येतो आणि खालचा पांढरेपणा कोणाला दिसत नाही. फक्त आधी वास घ्या, खवट झाला असेल तर अख्खा केक खवट लागेल. चकलीचा चुरा घालू नका, कोणीतरी घालतंच म्हणून सांगतेय.

तूप कढवलं असेल तर बेरी पण टाकू नका. दोन-तीन चमचे बेरी या केकमधे ढकला आणि तेल तेवढं कमी करा, छान खमंग लागतो. पण माझं विचाराल तर बेरीची खरी जागा नानकटाईत आहे, बेसन जरा जास्त घेतलेल्या.

सगळं उरलेलं केकमधे जातं असं मात्र नाही हां. शिळी पोळी, भात, साबुदाण्याची खिचडी घालून केलेले व्हिडिओ मी पण बघितलेत. पोळीचा कुस्करा करा, भाताला फोडणी द्या, सुखात राहा.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, केळ्याचा आणि पाकाचा ओलावा असतो, गरम कापला की भुगा. मुंबईसारख्या दमट हवेत दुसऱ्या दिवसापासून फ्रीजमधे ठेवा, आणि खाताना तव्यावर जरासं तूप सोडून काप दोन्ही बाजूंनी शेकून घ्या.