जुन्या पीसीला नवी हार्ड डिस्क घेण्याआधी
अरे थांब, डिस्क घ्यायच्या आधी कॅबिनेट उघडून जुन्या डिस्कची केबल बघ. चपटी, रुंद पट्टीसारखी, ४० भोकांची असेल तर ती आयडीई, म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत, तिथे साटा डिस्क थेट लागत नाही; आणि बोटभर रुंदीची बारीक असेल तर साटा, म्हणजे नंतर आलेली पद्धत, मग काळजी नाही, साटा ३ ची (नव्या पिढीची) डिस्क साटा २ च्या (आधीच्या पिढीच्या) मदरबोर्डवरही चालते, फक्त स्पीड बोर्डाचाच मिळतो. पॉवर सप्लायला साटाची चपटी पिन आहे ना तेही बघून घे, हे बरेच जण विसरतात. आणि साइझ! खूप जुन्या बायोसला (पीसी सुरू करणारा, बोर्डावरचाच प्रोग्राम) १३७ जीबीच्या पुढचं दिसतच नाही, एमबीआरमध्ये (डिस्कच्या भागांची नोंद ठेवायची जुनी पद्धत) साधारण २ टीबीच्या वरची जागा वापरता येत नाही, म्हणून माझं ऐक, बायोस तेवढा जुना नसेल तर १ टीबीच घे.