जुना व्हीसीआर घेताना आणि विकताना: वाचकांचे प्रश्न

कॅसेट डिजिटल करण्याबद्दल पत्रं आली की त्यात 'कसं करायचं' यापेक्षा 'मशीन कुठून आणू' हेच जास्त असतं, म्हणून यावेळी फक्त जुन्या मशीनच्या खरेदी-विक्रीचे प्रश्न घेतलेत.

प्रश्न: लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या मिळून बऱ्याच व्हीएचएस कॅसेट आहेत. घरचा व्हीसीआर कॅसेट आत घेतो आणि लगेच बंद पडतो. न्यू जर्सीचा भाचा म्हणतोय तिकडे चांगले एस-व्हीएचएस (सुधारित व्हीएचएस) डेक, म्हणजे व्हीसीआर, मिळतात, डिसेंबरात येताना घेऊन येतो. आणू दे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: नको, आजच फोन करून सांगा त्याला. तिकडचा डेक एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीचा असतो आणि आपल्या कॅसेट पाल या आपल्याकडच्या पद्धतीच्या. व्होल्टेजचं एक वेळ ट्रान्सफॉर्मर लावून भागेल, पण पालमध्ये ६२५ लाइन आणि सेकंदाला २५ फ्रेम, तिकडे ५२५ लाइन आणि जवळपास ३०, आतला टेप वाचणाऱ्या हेडचा ड्रमसुद्धा आपल्याकडे मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्यांच्याकडे साधारण १८००, त्यामुळे साध्या अमेरिकन डेकवर आपली कॅसेट नीट दिसणारच नाही. त्यापेक्षा नातेवाइकांत विचारा, दुबई-मस्कतहून आणलेले मल्टिसिस्टीम व्हीसीआर पुण्यात अजून कितीतरी घरांत माळ्यावर पडून आहेत आणि ते पाल चालवतात.

तुमचा घरचा व्हीसीआरही लगेच भंगारात घालू नका, कॅसेट आत जाऊन मशीन बंद पडतं तेव्हा पुष्कळदा रबरी बेल्ट सैल झालेला असतो नाहीतर टेप ओढणारा पिंच रोलर कडक झालेला असतो, आणि जुना मेकॅनिक सापडला तर हे काम होतं. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेली जपानची फुनाई कंपनीसुद्धा २०१६ साली थांबली, म्हणजे आता जी मशीन आहेत तेवढीच आहेत, ती जपायलाच हवीत असं मला मनापासून वाटतं.

विकत घ्यायची वेळ आलीच तर चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी डेक दिसतो, पण प्लग लावून दाखवत नसतील तर त्याची किंमत फक्त सुट्या भागांची समजा. बघायला जाताना घरची बिनमहत्त्वाची पण चांगली चालणारी कॅसेट न्या, लग्नाची कधीच नाही. दहा मिनिटं चालू द्या, मग फॉरवर्ड-रिवाइंड करा, कॅसेट बाहेर काढा आणि बाजूचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला, आतल्या टेपची कड चुरगळली असेल किंवा घडी पडली असेल तर सरळ परत या, तो डेक टेप खातोय. चित्राच्या अगदी तळाला दोन-चार लाइन फडफडताना दिसतील त्याला घाबरू नका, ते प्रत्येक व्हीएचएसमध्ये असतं, जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे झाकलं जायचं एवढंच.

प्रश्न: व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं कॅप्चर कार्ड महागातलं घेऊ की स्वस्त यूएसबीवालं चालेल? आणि टीबीसी (टाइम बेस करेक्टर) लागतोच का? – वाचक, निगडी

उत्तर: पैसा आधी डेकवर घाला, कार्डवर नंतर. टेपवरून चित्र येताना प्रत्येक लाइनची वेळ थोडी मागेपुढे होते, म्हणून उभे खांब, दाराच्या चौकटी नागमोडी दिसतात, आणि टीबीसी ते सरळ करतो. काही एस-व्हीएचएस डेकमध्ये तो आतच असतो, उदाहरणार्थ पॅनासॉनिकचा एनव्ही-एफएस२००, म्हणून असे डेक महाग विकले जातात. तेवढं बजेट नसेल तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळतो का बघा, व्हीसीआर आणि कार्ड यांच्या मध्ये जोडला की लाइन बऱ्याच सरळ होतात, रेकॉर्डिंग त्यात करायचं नाही, सिग्नल फक्त आरपार जाऊ द्यायचा. इझीकॅप नावाच्या स्वस्त डोंगलचा त्रास असा की वरून डबी सारखी आणि आत चिप वेगवेगळी, ड्रायव्हर जुळेल याचा भरवसा नाही, तेव्हा सेकंडहँड घेताना विकणाऱ्याच्या नाही, तुमच्याच लॅपटॉपवर लावून बघा. आणि कॅप्चर ७२० बाय ५७६, इंटरलेस्डच (एकाआड एक लाइनींचं, टेपवर आहे तसं) ठेवा.

प्रश्न: लक्ष्मी रोडजवळ आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता, आता बंद केलाय. दोन डेक, एक व्हिडिओ मिक्सर आणि डिजिटल८ (छोट्या ८ मिमी कॅसेटवर डिजिटल रेकॉर्डिंग करणारा) कॅमेरा आहे. भंगारवाला किलोवर मागतोय. – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: काका, किलोवर अजिबात देऊ नका! आधी कॅमेरा बघा. सोनीचे बरेच डिजिटल८ कॅमेरे जुन्या व्हिडिओ८ आणि हाय८ कॅसेटही चालवतात आणि फायरवायर केबलमधून थेट डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) देतात, तासाला साधारण १३ जीबी. ज्यांच्याकडे हाय८ आहेत आणि स्वतःचा कॅमेरा मेलाय ती माणसं हेच शोधत असतात. सगळी मॉडेल मात्र हे करत नाहीत, म्हणून जाहिरातीत मॉडेल नंबर टाका आणि हाय८ कॅसेट चालताना मोबाइलवर व्हिडिओ काढून जोडा.

डेकचंही तसंच, चालू असतानाचा व्हिडिओ, मागच्या सॉकेटचा फोटो, पाल आहे हे स्पष्ट लिहिलेलं, आणि रिमोट शोधाच, कारण काही डेकचा मेनू रिमोटशिवाय उघडतच नाही, मग टीबीसी असून चालू-बंद करता येत नाही. मिक्सरमध्ये फ्रेम सिंक्रोनायझर (वेगवेगळ्या चित्रांची वेळ एकमेकांशी जुळवणारा भाग) असला म्हणून कोणी 'टीबीसी आहे म्हणून विका' म्हणेल, तसं करू नका, ते वेगळं काम आहे, मिक्सर म्हणूनच विका. शक्यतो पुण्यातच हातोहात द्या. कुरिअर करायचंच असेल तर आत कॅसेट राहिलेली नाही ना एवढं नक्की बघा, नाहीतर प्रवासात आतली यंत्रणा बिघडू शकते.

प्रश्न: कॅसेटवर पांढरी पावडर दिसते, नवीन घेतलेल्या डेकमध्ये घालू का? – वाचक, सिंहगड रोड

उत्तर: थांबा, घालू नका. ती बुरशी आहे, पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या कॅसेटना धरते. अशी एक कॅसेट आत गेली की हेडला आणि गाइडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवर उतरते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा, आधी बाकीच्या चांगल्या कॅसेट उतरवून घ्या, मग बुरशीवाल्या साफ करून देणाऱ्याकडे न्या. डेकमध्ये आधीच गेली असेल तर हेड साफ करून घेतल्याशिवाय तो डेक कोणाला विकू नका, आणि हेड स्वतः कानातल्या कापसाच्या काडीने घासू नका, त्याचे तंतू अडकून हेडचं टोक तुटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय चामडं लावलेली काडी वापरतात, तीही ड्रम हाताने फिरवत आडवी, वरखाली कधीच नाही.