लाल रेघ नाक्याखाली का उमटते?

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मराठी नावं वापरून लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅममधल्या चुका दाखवणारं एक छोटं एक्सटेन्शन मी करते आहे. चुकीची जागा पायथनच्या एएसटी मॉड्यूलकडून (प्रोग्रॅमची रचना उलगडून दाखवणाऱ्या भागाकडून) घेते आणि कोड लिहायच्या एडिटरला देते. चूक बरोबर सापडते, पण लाल रेघ भलत्याच शब्दाखाली येते. ही ओळ पाहा :

शहर = "ठाणे"; भाडे = दरर # रिक्षाचे भाडे, नाक्यापासून स्टेशनपर्यंत

चूक 'दरर'मध्ये आहे, एक 'र' जास्तीचा पडलाय. रेघ मात्र 'नाक्यापासून'खाली उमटते. इंग्रजी नावांचा प्रोग्रॅम दिला की सगळं जागच्या जागी. कुठे चुकतंय?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ओळ जशीच्या तशी पाठवलीत हे फार बरं केलंत. मी ती कागदावर उतरवून घेतली आणि पेन्सिलीने एकेक चिन्ह मोजलं. तुमची रेघ वाटेल तशी भरकटत नाहीये. ती अगदी हिशोबाने चुकते आहे.

एएसटी ओळीतलं जे अंतर देतं ते यूटीएफ-८ च्या, म्हणजे मजकूर साठवायच्या एका पद्धतीच्या, बाइटमध्ये असतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे बरं का : 'ठा'मधला 'ठ' वेगळा मोजायचा आणि काना वेगळा. 'दरर'च्या आधी अशी अकरा चिन्हं आहेत, त्यांचे ३३ बाइट. स्पेस, बरोबरचं चिन्ह, अवतरणं आणि अर्धविराम मिळून दहा. एकूण ४३. नावाचे स्वतःचे नऊ, म्हणून ते ५२ ला संपतं. हे ४३ आणि ५२ तुम्ही तसेच पुढे दिलेत. एडिटर मात्र यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीच्या एककांत (दोन बाइटांचं एक) मोजतो आणि तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एकच एकक घेतं. त्याच्या लेखी 'दरर' २१ ला सुरू होतं आणि २४ ला संपतं. त्याने इमानदारीने आपलं ४३ गाठलं, ते निघालं 'नाक्यापासून'मधल्या पहिल्या 'न' आणि त्याच्या कान्याच्या मधोमध. ५२ आलं शेवटच्या 'न'च्या आधी. स्क्रीनवर नीट पाहिलंत तर तो शेवटचा 'न' रेघेबाहेर राहिलेला दिसेल.

आणि डोळ्यांनी मोजलंत तर? 'ठा' एक, 'णे' एक, 'भा' एक, 'डे' एक. मग 'दरर'च्या आधी भरतात फक्त १७. एकाच जागेचे तीन आकडे : ४३, २१, १७. तिन्ही खरे.

ठाणेकरांना हे समजायला जड जाऊ नये. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ते अंतर २१ मैल, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. कुणी नुसतंच '३४ वर उतर' म्हणालं आणि तुम्ही मैल मोजत बसलात, तर ठाणं मागे टाकून कल्याणच्या आसपास पोहोचाल. एकक न लिहिलेला आकडा असाच नेतो.

आता दुरुस्ती. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीचे यूटीएफ-८ बाइट घ्या, पहिले ४३ कापून घ्या, त्यांची पुन्हा स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करा, ती यूटीएफ-१६ मध्ये एन्कोड करा आणि जेवढे बाइट येतील त्याचे निम्मे करा. ४२ चे निम्मे २१. इथे एक खड्डा आहे : एन्कोडिंगचं नाव 'लिटल एंडियन'सकट, म्हणजे बाइटांचा क्रम सांगून, द्या. नुसतं यूटीएफ-१६ लिहिलंत तर पायथन सुरुवातीला दोन बाइटांची खूण जोडतो आणि उत्तर २२ येतं. मग रेघ एका घराने सरकते, आणि एका घराची चूक शोधायला वीस घरांच्या चुकीपेक्षा जास्त वेळ लागतो. ओळींचं म्हणाल तर पायथन त्या १ पासून मोजतो आणि लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि चुका शोधणारा प्रोग्रॅम (सर्व्हर) यांच्यातल्या बोलण्याचे नियम, ० पासून. ते एक वजा करणं तुम्ही केलेलं दिसतंय, नाहीतर रेघ खालच्या ओळीवर गेली असती.

एडिटरने यूटीएफ-१६ च का धरलं? हा प्रोटोकॉल मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये खुला केला तो व्हीएस कोड या आपल्या एडिटरच्या अनुभवातून, आणि व्हीएस कोड चालतो जावास्क्रिप्टवर. जावास्क्रिप्ट १९९५ ची. जगातली सगळी चिन्हं १६ बिटांत मावतील असा तेव्हाचा अंदाज होता. तो चुकला, पण स्ट्रिंगची मोजणी तशीच राहिली. २०२२ च्या ३.१७ आवृत्तीपासून एडिटर आणि सर्व्हर सुरुवातीलाच बोलून यूटीएफ-८ ठरवू शकतात. यूटीएफ-१६ मात्र सगळ्यांना यावंच लागतं, तेव्हा हे रूपांतर तुम्हाला टळत नाही.

माझा आग्रह एकच आहे. प्रोग्रॅमच्या आत जागा एकाच एककात ठेवा. मी फाइलच्या सुरुवातीपासूनचे बाइट धरते, सोबत प्रत्येक ओळ कुठल्या बाइटला सुरू होते त्याची यादी. बदल करायचा तो उंबरठ्यावर, एडिटरशी बोलताना. आणि व्हेरिएबलला नुसतं 'जागा' म्हणू नका, 'बाइटजागा' म्हणा.

हे मी ऐरोलीत शिकले. दहाएक वर्षांपूर्वी तिथल्या एका कंपनीत मी फंक्शनचं नाव सगळ्या फाइलींत एकदम बदलणारं साधन लिहिलं. चाचणीच्या फाइली सगळ्या इंग्रजी, आणि इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, एक एकक आणि डोळ्यालाही एकच. सगळ्या पट्ट्या जुळतात. मग ते चाललं मराठी संदेश असलेल्या कोडवर. 'पावती मिळाली'च्या पुढे असलेलं फंक्शन जागेवरच राहिलं आणि नवं नाव जाऊन बसलं ओळीच्या शेपटाला. चाळीसेक फाइली. रात्री एकेक फाइल पूर्ववत करत बसले आणि ठाण्याची शेवटची गाडी धावतपळत पकडली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक चाचणीत पहिली ओळ मराठी असते.

पण नुसती मराठी पुरत नाही. तुमच्या ओळीत पायथनची स्ट्रिंगची लांबी आणि यूटीएफ-१६ ची एककं दोन्ही २१ च भरतात, म्हणून निम्मे करण्याची कटकट टाळून तुम्ही सरळ लांबी वापराल आणि ती चालेलही. एक मोडी अक्षर टाकून बघा. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींच्या चिन्हांच्या यादीत, आली, पण १६ बिटांच्या हद्दीबाहेर. तिचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-१६ मध्ये दोन एककं घेतं. मोडीचा फॉन्ट नसेल तर हसऱ्या चेहऱ्याचा इमोजीही तेच दाखवेल.

'वाऱ्यावर'सारख्या शब्दांकडेही लक्ष असू द्या. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो : खालच्या नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, नाहीतर साधा 'र', पाय मोडून, मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला सारखेच. पहिल्याचे नऊ बाइट, दुसऱ्याचे बारा. म्हणून मजकूर आधी 'स्वच्छ' करून मग जागा मोजायची नाही. जागा मूळ फाइलचीच लागते.

प्रश्न : माझी रेघ योग्य शब्दाखाली येते, पण मी भरभर टाइप करत असलो की मध्येच दोन-तीन अक्षरं बाजूला उमटते आणि मग आपोआप जागेवर येते. हे कशामुळे?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तुमचा सर्व्हर जुना मजकूर तपासून उत्तर देतो आहे. त्याने बारावी आवृत्ती वाचली, तोवर तुमची बोटं चौदावीवर पोहोचली. प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक बदलाबरोबर मजकुराचा आवृत्ती क्रमांक येतो. चुकांची यादी पाठवताना तो सोबत जोडा, म्हणजे शिळं उत्तर एडिटरला ओळखता येईल.

उत्तर फेकायचं नसेल तर जागा सरकवा : बदल जागेच्या आधी झाला तर जेवढा मजकूर वाढला तेवढी मिळवणी, नंतर झाला तर काही नाही. खरा प्रश्न येतो बदल नेमका त्याच जागी झाला तर. कारण जागा म्हणजे चिन्ह नव्हे, दोन चिन्हांमधली फट, आणि त्या फटीत नवीन अक्षर आलं की खूण डावीकडे राहणार की उजवीकडे हे तुम्हीच ठरवायचं असतं. ईमॅक्स या एडिटरच्या मार्करला, म्हणजे जागेच्या खुणेला, ही निवड सांगता येते. चुकीच्या रेघेसाठी मी सुरुवातीची खूण उजवीकडे ढकलते आणि शेवटची डावीकडे धरते, म्हणजे कडेला टाइप केलेलं रेघेखाली ओढलं जात नाही. तयार साच्यातली भरायची रिकामी जागा असेल तर बरोबर उलट, कारण तिथे टाइप केलेलं आतच राहायला हवं.