पर्ल हार्बरनंतर १८ वर्षांत जपानी वंशाचा मुख्य न्यायाधीश?

प्रश्न : क्विझच्या पुस्तकात वाचलं की हवाई राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश जपानी वंशाचे होते. जपानने १९४१ ला तिथेच बॉम्ब टाकले ना, मग लोकांनी खपवून कसं घेतलं? आणि राज्याला सुप्रीम कोर्ट कुठून आलं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दुसरा प्रश्न आधी उरकून टाकू. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं आपलं सर्वोच्च कोर्ट असतं आणि राज्याच्या कायद्यापुरता त्याचा शब्द शेवटचा, वॉशिंग्टनला, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टात, जायचं तर केंद्राच्या कायद्याचा किंवा घटनेचा मुद्दा लागतो.

आता माणूस. विल्फ्रेड त्सुकियामा, जन्म १८९७, होनोलुलू. तेव्हा हवाई अमेरिकेत नव्हतंच, स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, अमेरिकेने ते ताब्यात घेतलं १८९८ ला, त्यामुळे ह्यांना ‘बाहेरून आलेला’ म्हणायचीही सोय नाही! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते, मग आयोवातलं को कॉलेज, शिकागो युनिव्हर्सिटीतून वकिली, परत येऊन होनोलुलू शहराचे सरकारी वकील.

खपवून घेतलं वगैरे काही नाही हो, तिथलं गणितच वेगळं होतं. मेनलँडवर (अमेरिकेच्या मुख्य भूमीवर) लाखाहून जास्त जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, पण हवाईत तीन माणसांमागे एक जपानी वंशाचा, सगळ्यांना उचललं असतं तर उसाचे मळे आणि बंदर दोन्ही ठप्प, म्हणून तिथे मोजक्यांनाच पकडलं (मार्शल लॉ मात्र सगळ्यांवरच होता). युद्ध संपलं आणि १९४६ ला त्सुकियामा रिपब्लिकन पक्षाकडून हवाईच्या सिनेटवर (तिथल्या कायदेमंडळाचं वरचं सभागृह) निवडून आले, पुढे सिनेटचे अध्यक्षही झाले.

१९५९ ला हवाई राज्य झालं तेव्हा ते खरं तर वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या, सिनेटसाठी उभे होते आणि ओरेन लाँग ह्या डेमोक्रॅटकडून पडले. मग त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर विल्यम क्विन ह्यांनी त्यांना मुख्य न्यायाधीश केलं. पडलेल्या उमेदवाराची सोय लावली म्हणाल तर म्हणा, मलाही थोडं तसं वाटतं, पण वकिली आणि कायदेमंडळ दोन्हीकडे इतकी वर्षं काढलेला माणूस दुसरा कोण होता? १९६५ पर्यंत ते खुर्चीवर होते, जानेवारी १९६६ मध्ये वारले.

बाकी राज्यांचं विचाराल तर ओरेगॉनच्या सुप्रीम कोर्टात पहिली आशियाई वंशाची न्यायाधीश, लिन नाकामोटो, आली थेट २०१६ ला.