डिमेंशियासाठी आईला प्रोबायोटिक कॅप्सूल सुरू कराव्यात का?

आतड्यातले जिवाणू बिघडले की डिमेंशिया होतो असं तुम्ही वाचलंय, म्हणून आईंना प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल द्याव्यात का, असा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. खानापूरजवळच्या आमच्या गावात डिमेंशिया झालेल्या सासूबाईंना (आम्ही आत्या म्हणायचो) सहा वर्षं सांभाळलं, त्यावरून सांगते.

संबंध आहे, पण कोणामुळे कोण बिघडतं ते ठरलेलं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी अल्झायमरचे (डिमेंशियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) २५ रुग्ण आणि तेवढीच निरोगी माणसं तपासली. रुग्णांच्या पोटात जिवाणूंचे प्रकार कमी निघाले. पण आमच्या आत्यांचंच बघा की. आजार वाढला तशी त्या कवळी लावून घेईनात, भाकरी सुटली, आयुष्यभर प्यायलेली नाचणीची आंबील बाजूला सारायच्या. दिवसभर चहात बुडवलेली बिस्किटं. अशा पोटात जिवाणू बदलणारच!

२०२३ मध्ये अमेरिकेतच सेंट लुईसला, मेंदूतल्या टाऊ नावाच्या प्रथिनाचा (अल्झायमरमध्येही हे बिघडतं) बिघाड होणारे उंदीर जन्मापासून जंतुविरहित वाढवले, तर त्यांच्या मेंदूची झीज पुष्कळ कमी झाली. म्हणजे जिवाणूंचा हात असेलही. पण उंदीर तो उंदीर. कॅप्सूलनं माणसाचा डिमेंशिया बरा झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. आम्ही तीन महिने दिल्या. काही फरक नाही.

पोटाचा हिसका आम्हाला बसला तो वेगळाच. एका पावसाळ्यात आत्या रात्रभर "म्हशी सोडा" म्हणून ओरडायला लागल्या. म्हशी विकून पंधरा वर्षं झालेली. आजार वाढला म्हणून घरात रडारड. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "संडासला कधी झाली?" पाच दिवस झाली नव्हती! त्यांना सांगता येत नव्हतं आणि आम्ही कोणी विचारलं नव्हतं. एनिमा दिला, पाणी वाढवलं, दोन दिवसांत पहिल्यासारख्या. बद्धकोष्ठ किंवा लघवीतल्या इन्फेक्शननं म्हाताऱ्या माणसाला अचानक असा भ्रम होतो, त्याला डेलिरियम म्हणतात. तेव्हापासून मी कॅलेंडरवर रोज फुली मारायची, नवरा हसायचा.

व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉइड तपासलंत का? आई शाकाहारी असतील किंवा शुगरसाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेत असतील तर बी-१२ बघाच. ते कमी असलं तरी विसराळूपणा येतो, आणि ते भरून काढता येतं. कॅप्सूलचे पैसे आधी त्या तपासणीला घाला. ताक द्या की, पण गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारून.