शेपटीकडच्या छेदांतील अनेक पोकळ्या: ते छेद टाकून देण्यापूर्वी एवढे पाहा

आपला प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. 72 तास उबवलेल्या कोंबडीच्या भ्रूणाचे आडवे छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकासाठी कापलेले पातळ काप, आपण पाहत आहात. धडाच्या वरच्या भागात न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मेरुरज्जू बनतात ती नळी, पुस्तकातल्या आकृतीसारखी स्वच्छ दिसते, आणि शेपटीजवळ येताच एका नळीच्या जागी पेशींचा भरीव गोळा व त्यात दोन-तीन लहान पोकळ्या दिसू लागतात. छेद कापून देणाऱ्या विभागाच्या मते मेण नीट न मुरल्यामुळे ऊती फाटली आहे, मार्गदर्शकांच्या मते हे छेद प्रबंधातून वगळावेत, आणि नवे भ्रूण घेऊन सगळे पुन्हा करावे का असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: इतक्यात करू नये. आपल्या वर्णनावरून तरी ही फाटलेली ऊती वाटत नाही. मेरुरज्जूचा खालचा भाग ज्या वेगळ्या पद्धतीने घडतो, ती पद्धतच आपल्या काचेवर आलेली दिसते. स्लाइड मी स्वतः पाहिलेली नाही, त्यामुळे पुढचे सर्व त्या मर्यादेत वाचावे.

न्यूरल प्लेट, म्हणजे ही नळी ज्या सपाट पट्टीतून बनते ती, कशी जाड होते, तिच्या कडा कशा उचलल्या जातात, नोटोकॉर्ड, म्हणजे नळीखालचा आधाराचा दांडा, खाली राहून काय करते, हे आपल्याला ठाऊक असणारच. ते मी पुन्हा सांगत नाही. अडचण अशी आहे की अनेक पाठ्यपुस्तके जवळजवळ तेथेच थांबतात. चेन ओढावी तशा कडा मिटत जातात, शेवटचे न्यूरोपोर, म्हणजे नळीचे उघडे टोक, बंद होते आणि मेरुरज्जूची नळी पूर्ण होते, असे चित्र विद्यार्थ्याच्या मनात ठसते. ते डोक्यापासून कमरेच्या आसपासपर्यंत बरोबर आहे. कोंबडीत साधारण 27-28व्या सोमाइट जोडीच्या खाली मात्र (सोमाइट म्हणजे नळीच्या दोन्ही बाजूंना जोडीने असणारे पेशींचे ठोकळे) ते लागू पडत नाही, कारण तेथे मिटायला कडाच नसतात. टेल बडमधील, म्हणजे शेपटीच्या टोकाच्या वाढत्या गाठीतील, पेशी त्वचेच्या थराखालीच एकत्र येऊन एक भरीव दोर बनवतात. या दोराच्या बाहेरच्या पेशी उंच होऊन एकमेकींना लागून शिस्तीत उभ्या राहतात, आतल्या पेशी विस्कळीतच असतात, आणि या दोन गटांच्या मध्ये लहान लहान पोकळ्या पडू लागतात. पुढे पोकळ्या एकमेकींत मिसळतात, आतल्या पेशी बाहेरच्या थरात सामावल्या जातात, आणि एकच नळी उरते, जिची पोकळी वरच्या नळीच्या पोकळीशी सलग होते. आपल्याला दिसलेले दोन-तीन छिद्रांचे छेद याच मधल्या अवस्थेचे असणार.

मार्गदर्शकांशी बोलताना उपयोग व्हावा म्हणून सांगते की यात नवे काहीच नाही. शरीराचा पुढचा आणि मागचा भाग दोन वेगळ्या रीतींनी घडतो, ही मांडणी होल्मडाल यांनी 1925 मध्येच केली होती. पुढे सगळ्या तपशिलांवर वाद झाले, पण शेपटीकडची नळी दोर पोखरून बनते हे निरीक्षण टिकले. 1980 मध्ये शोनवुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्याने कोंबडीच्या भ्रूणातील ही प्रक्रिया इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने दाखवली. 1995 मध्ये कॅटाला, तेये आणि ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात रोपून टेल बडमधील पेशी कोठे जातात याचा माग काढला. टेल बडमधील काही पेशींत सॉक्स-2 आणि ब्रॅकियुरी हे जनुकांचे काम नियंत्रित करणारे दोन्ही घटक एकाच वेळी आढळतात, आणि अशा पेशींपासून मेरुरज्जूही बनू शकतो व सोमाइटही. ही पद्धत जिला लागू आहे ती नळी मेंदूकडच्या नळीसारखी वळून बनलेली नाही, एवढे मान्य झाले की आपले छेद 'खराब' म्हणून बाजूला सारण्याचे कारणच उरत नाही.

72 तासांच्या भ्रूणात हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांच्या 1951च्या तक्त्याप्रमाणे साधारण 40 ते 43 सोमाइट जोड्या असतात. म्हणजे सोमाइट असलेल्या भागापैकी शेवटच्या बारा-पंधरा जोड्या, आणि त्यापलीकडे वाढत असलेली शेपटी, एवढा प्रदेश या दुसऱ्या पद्धतीचा आहे. कोणी सात मायक्रॉन जाडीचे सलग छेद घेत असेल तर एवढ्या भागातून सहज शंभराहून अधिक छेद निघतात. इतक्या मोठ्या भागात एकही अनेक पोकळ्यांचा छेद दिसला नाही, तर मला त्याचीच शंका येईल.

आता ज्या कारणाने हे उत्तर लिहायला बसले ते. अशाच छेदांवर काम करताना माझे नुकसान भ्रूणाने केले नाही, रसायनांनीही नाही; ते केले छेद कापून देणाऱ्या एका विभागाने, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. भ्रूण बसवलेला मेणाचा ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे छेद कापणाऱ्या यंत्रावर, चढवला की निघणाऱ्या रिबनमधून, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या छेदांच्या पट्टीतून, तेथे 'चांगले' छेद निवडले जात आणि बाकीचे टाकून दिले जात. चांगला म्हणजे ज्यात एक गोल नळी, तिच्याखाली नोटोकॉर्ड आणि दोन्ही बाजूंना सोमाइट दिसतात तो. ज्यात दोन-तीन पोकळ्या दिसल्या तो फाटलेला समजून गेला. आणि सर्वांत वाईट गोष्ट ही की उरलेल्या छेदांना सलग क्रमांक देऊन स्लाइड माझ्या हाती आल्या, मधले काही गाळले आहेत याची कोठेही नोंद नव्हती. परिणामी माझ्या मालिकेत सुबक नळी एकदम भरीव दोरावर येऊन थांबत होती, आणि हा बदल भ्रूणात खरोखरच इतका अचानक होतो की काय, या प्रश्नात माझे कितीतरी काम अडकून पडले. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले की त्यांच्या अर्जात गाळलेल्या छेदांसाठी रकानाच नाही. लेखी तक्रारीला उत्तर आले नाही. ब्लॉक शेवटपर्यंत कापले गेले होते, त्यामुळे तो भाग परत मिळवण्याचा मार्गच नव्हता, आणि संक्रमणाच्या, म्हणजे एका पद्धतीतून दुसरीत जाण्याच्या, भागावरचे प्रकरण मला सोडून द्यावे लागले. कापणाऱ्या व्यक्तीच्या हातात कौशल्य होते, ते मी नाकारत नाही. पण कोणता छेद ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याला प्रश्न माहीत आहे त्याचाच असला पाहिजे, आणि या मतावर मी आजही तितकीच ठाम आहे.

म्हणून आधी आपल्या हाती असलेल्या स्लाइड मोठ्या भिंगाखाली ठेवा आणि पोकळीची कड पाहा. खऱ्या पोकळीची कड गुळगुळीत असते, तिच्याभोवती उंच पेशी पोकळीकडे तोंड करून उभ्या असतात, आणि विभाजित होणाऱ्या पेशी, म्हणजे ज्यांत रंगसूत्रे गडद पट्ट्यासारखी दिसतात त्या, नेमक्या पोकळीच्या कडेला आढळतात. न्यूरल ट्यूबच्या पेशींचे केंद्रक आत-बाहेर सरकत राहते आणि विभाजनाच्या वेळी पोकळीच्या बाजूला येते. ही शिस्त फाटलेल्या ऊतीला जमत नाही. चिरेची कड ओबडधोबड असते, तिच्या दोन्ही बाजूंचे तुकडे मनातल्या मनात जोडले तर एकमेकांत बसतात, आणि बहुतेक वेळा ती चीर त्याच रेषेत शेजारच्या सोमाइटमध्ये किंवा त्वचेतही गेलेली दिसते. एवढ्यावरही समाधान झाले नाही तर आधीचा आणि नंतरचा छेद पाहा: खरी पोकळी सलग छेदांतून हळूहळू मोठी होते, सरकते, दुसरीत मिसळते. चीर एका छेदात असते आणि पुढच्यात भलतीकडेच असते. हा पुरावा सलग मालिकेशिवाय देता येत नाही, म्हणूनच गाळलेल्या छेदांबद्दल माझा इतका आग्रह आहे.

दोन गोष्टींनी गोंधळ होऊ शकतो. एक म्हणजे जेथे दोन्ही पद्धती एकमेकींवर चढतात तो भाग. तेथे वरच्या बाजूला कडा मिटून बनलेली नळी आणि तिच्याच खाली दोर पोखरून बनत असलेली नळी, अशा दोन रचना एकाच छेदात एकीखाली एक दिसतात. वरचीची पोकळी अरुंद फटीसारखी असते, खालचीत लहान छिद्रे असतात, आणि दोघींना मिळून नोटोकॉर्ड एकच असते. आपल्या वर्णनातील एका छेदात एक पोकळी 'वर आणि लांबट' असल्याचा उल्लेख आहे. माझा अंदाज आहे की तो छेद याच भागातला असावा, आणि तसा असेल तर तो आपल्या संग्रहातील सर्वांत मोलाचा छेद आहे. दुसरी गोष्ट म्हणजे भ्रूणाचा बाक. 72 तासांचा भ्रूण इतका वळलेला असतो की एकच सपाट छेद शरीराला दोनदा कापतो, आणि एकाच काचेवर दोन मेरुरज्जू दिसतात. तेव्हा मात्र प्रत्येक नळीपाशी तिचे स्वतःचे नोटोकॉर्ड असते, आणि डोक्याच्या पुढच्या टोकाला तेही नसते, पण त्या नळीचा आकारच वेगळा ओळखू येतो. नोटोकॉर्ड मोजण्याची सवय लावून घ्या. अर्धे वाद त्यानेच मिटतात.

परीक्षक दुसऱ्या प्राण्यांचा विषय काढतील, म्हणून थोडक्यात: उंदरात शेपटीकडच्या दोरात सहसा एकच पोकळी तयार होते, त्यामुळे उंदरावर काम करणाऱ्या माणसाला आपले छेद विचित्र वाटू शकतात आणि त्यात त्याचा दोष नाही. मानवी भ्रूणाबाबत तज्ज्ञांचे एकमत नाही, कारण त्या अवस्थेचे छेद फार थोडे उपलब्ध आहेत. मानवात मागचे न्यूरोपोर गर्भधारणेनंतर सुमारे 28व्या दिवसापर्यंत बंद होते आणि त्याखालचा भाग नंतर टेल बडपासून बनतो, एवढे निश्चित सांगता येते. पाठीवर उघडी राहिलेली व्यंगे पहिल्या पद्धतीतील मिटण्याच्या अपयशातून येतात. त्वचेने झाकलेली, अगदी खालच्या टोकाची काही व्यंगे दुसऱ्या पद्धतीतील बिघाडाशी जोडली जातात. फॉलिक ॲसिडने न्यूरल ट्यूबच्या व्यंगांची पुनरावृत्ती सुमारे 72 टक्क्यांनी घटते हे दाखवणारी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची 1991ची चाचणी प्रसिद्ध आहे, पण आपल्या प्रबंधात ती ओढूनताणून आणू नये, कारण आपल्या छेदांचा विषय बंद होणे हा नसून पोकळी पडणे हा आहे. मी वैद्यक क्षेत्रातली नाही. या परिच्छेदाचा उपयोग कोणी उपचाराच्या निर्णयासाठी करू नये.

पुन्हा भ्रूण घ्यायची वेळ आलीच, तर तो मेणात बसवण्यापूर्वी अखंड अवस्थेत त्याचे छायाचित्र घ्या आणि सोमाइट मोजून ठेवा, कारण नंतर छेद कोणत्या पातळीचा आहे हे सांगण्याचा तोच भक्कम आधार असतो. मागच्या पायाचा अंकुर जेथे सुरू होतो तेथून किंचित पुढे भ्रूण कापून शेपटीचा तुकडा वेगळा बसवा. त्यात संक्रमणाचा सगळा भाग येतो आणि बाकामुळे होणारे तिरपे छेदही टळतात. अल्कोहोलच्या शेवटच्या टप्प्यांत किंचित इओसिन हा गुलाबी रंग घातला तर इतका लहान तुकडा मेणात नजरेला दिसतो आणि तो सरळ बसवणे सोपे जाते. कोणी याला अनावश्यक म्हणेल, मी कधीच टाळत नाही.

विभागाला ब्लॉक देताना मात्र तोंडी काहीही सांगू नका. प्रत्येक छेद, फाटलेला, दुमडलेला किंवा अर्धवट असला तरी, क्रमाने काचेवर घ्यावा, आणि एखादा घेता आला नाही तर त्याची जागा रिकामी सोडून तशी नोंद करावी, असे लेखी द्या आणि त्या कागदावर पोच घ्या. ते नकार देत असतील तर मायक्रोटोमवर स्वतः बसण्याची परवानगी मागा. तुमचे छेद त्यांच्याइतके सुबक येणार नाहीत, पण सलग येतील. आणि आज पहिले काम म्हणजे त्यांच्याकडे आपल्या ब्लॉकचा किती भाग शिल्लक आहे आणि टाकलेल्या रिबन अजून ट्रेमध्ये आहेत का, हे विचारणे. काचेवर न घेतलेली रिबन थंड, कोरड्या जागी झाकून ठेवलेली असेल तर बऱ्याच दिवसांनीही ती पाण्यावर पसरवून वापरता येते. क्रम लावता आला तर त्या पोकळ्यांचे सलग छेद इथे टाका. वरच्या आणि खालच्या नळीची सीमा ठरवायला मी नक्की मदत करेन.